सगळ्या गावाची पऱ्हाटी

त्या गावातल्या माझ्या पहिल्या बैठकीला सतरंजी मोठी होती आणि माणसं थोडी. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर काहीजण टेकले होते, पण तेही माझ्यासाठी आले होते असं नाही. त्यांची बसायची जागाच ती होती. जालना जिल्ह्यात वडीगोद्रीपासून आत, कालव्याच्या कडेला असलेल्या त्या गावात मी कृषी सहाय्यक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं धावडा, सासर अंबडला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली असल्यामुळे शेतकऱ्यांशी बोलणं आपल्याला अवघड जाणार नाही, असं मी धरून चालले होते.

दिवाळी होऊन गेली होती. सलग दुसऱ्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. झाड वरून हिरवंगार, बोंडांनी लगडलेलं दिसायचं आणि बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा आणि चिकट. मी बोलायला सुरुवात केली तसा एक मधल्या वयाचा शेतकरी उठून पुढं आला. त्यानं खिशातून बोंड काढलं, माझ्यासमोर फोडलं आणि आतली वळवळती अळी माझ्या तळहातावर ठेवली.

"मॅडम, आम्हाला तर लई जणांनी सांगितलं. आता हिलाच काहीतरी सांगा."

लोक हसले. मी अळी हातावर घेऊन तशीच उभी राहिले. पुढं काय बोलले ते आज आठवत नाही. सतरंजीची घडी मात्र मी एकटीनंच घातली, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयात साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणजे आमचे तालुका कृषी अधिकारी. निवृत्तीला आलेले, सडपातळ, उन्हानं रापलेले. सरकारी गाडी असली तरी आत शिवारात जायचं तर स्वतःची जुनी मोटारसायकल काढणारे. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अळी हातावर ठेवली तेव्हा झटकून टाकली का?"

"नाही. धरून उभी होते."

"मंग झालं की. चला, उद्या मी येतो."

त्यांच्यामुळे आता गाव गप्प बसेल, असं मला वाटलं. म्हणजे ते भाषण करतील आणि माझी बाजू सावरतील. साहेब आले, पण भाषण त्यांनी केलंच नाही. अळी हातावर ठेवणाऱ्या त्या शेतकऱ्याचं घर विचारत गेले आणि म्हणाले, "तुमचं रान दाखवता का?" मग दिवसभर आम्ही एका रानातून दुसऱ्या रानात हिंडलो. साहेब बोंडं फोडत, भिंगातून बघत, आणि लोक जे बोलत ते ऐकत. कुणी बियाण्याला शिव्या दिल्या, कुणी औषधाला, कुणी सरकारला. साहेब मधेच एखादा प्रश्न विचारत. "मागच्या साली पऱ्हाटी कधी उपटली?" हा प्रश्न त्यांनी जवळजवळ प्रत्येकाला विचारला. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. उत्तरं सगळी सारखीच होती: उपटली न्हाई, फरदड घेतली.

फरदड म्हणजे कापसाची मुख्य वेचणी झाल्यावरही झाडं न काढता, पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी कापूस घ्यायचा. कालव्याचं पाणी असल्यामुळे या गावात ते सोपं होतं. आणि तिथंच गोम होती. अळीला हिवाळाभर खायला हिरवं बोंड मिळत राहिलं की ती संपत नाही, तशीच पुढच्या हंगामात शिरते. डिसेंबरात सगळं शिवार मोकळं केलं तर तिची साखळी तुटते. पण सगळं शिवार. एकानं जरी हिरवी पऱ्हाटी ठेवली, तरी त्याच्या रानातले पतंग उडून शेजाऱ्याच्या रानात अंडी घालायला मोकळे.

परत येताना कालव्याच्या पुलावर साहेबांनी गाडी थांबवली. म्हणाले, "ताई, आपल्या हातात कुणाला दंड करायचं न्हाई. जबरदस्ती करता येत न्हाई, अन् करूही नये. लोकांनी ऐकायचं तर एकाच कारणानं, की ही बाई खरं बोलती अन् पुन्हा येती. जे माहीत न्हाई ते माहीत न्हाई म्हणायचं. अन् सल्ला दिला की त्या रानात परत जायचं, पीक आलं तरी अन् गेलं तरी."

मला ते तेव्हा फार साधं वाटलं होतं. प्रशिक्षणात आम्हाला याहून बरंच काही शिकवलं होतं.

मी पुन्हा जाऊ लागले. बैठक बोलवायचं सोडून दिलं आणि सकाळी बायका कापूस वेचायला निघायच्या तेव्हा त्यांच्याबरोबर रानात जायला लागले. कापूस वेचतात बायका, त्यामुळे कुठल्या ओळीत कीड आधी लागली हे त्यांना ठाऊक असतं. पण कृषी खात्याच्या बैठकीला बायकांना कुणी बोलवत नव्हतं. तिथंच मला अक्का भेटल्या. बचत गटाच्या अध्यक्ष, उंच, आवाज असा की अर्ध्या शिवारात ऐकू जावा. नवरा जालन्याला कारखान्यात कामाला आणि इथली शेती त्या स्वतः बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधायला लावली. "उभं राहून कशाला बोलता? वेचता वेचता बोला. आमाला बी काम हाय अन् तुमाला बी."

मी वेचत वेचत बोलले. संध्याकाळी बोटांना बोंडांचे काटे लागून चरे पडले होते, पण त्या दिवशी मला गावातून कुणी तरी पहिल्यांदा चहाला बोलावलं.

डिसेंबर जवळ आला तशी ग्रामसभेत हा विषय घ्यायचं ठरलं. साहेब आले. या वेळी पार भरला होता, आणि अक्कांच्या गटातल्या बाया एका बाजूला पुढं येऊन बसल्या होत्या. साहेबांनी थोडक्यात सांगितलं: फरदड घ्यायची नाही, पऱ्हाटी उपटून रानातून काढायची, घराजवळ रचूनही ठेवायची नाही.

हे ऐकताच अक्का उठल्या. "थांबा साहेब. पऱ्हाट्या रचायच्या न्हाईत म्हंजे? आमची चूल कशावर पेटवायची? गॅस हाय, पण पाणी तापवायला, भाकरीला सालभर पऱ्हाट्याच लागत्यात. तुमी सगळ्याच काढून टाका म्हनता."

बायकांमधून जोरात होकार आला. खात्याच्या पुस्तिकेत 'पऱ्हाट्यांचे ढीग ठेवू नयेत' असं स्पष्ट छापलेलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "तुमचं बराबर हाय. ही अडचण मला आधी ध्यानात यायला पाहिजे होती. बोंडं तोडून नुसत्या काड्या ठेवल्या तर चालतं का, हे मला आत्ता सांगता येणार न्हाई. मला माहीत न्हाई. विचारून सांगतो."

भरल्या सभेत तालुक्याचा अधिकारी 'माहीत नाही' म्हणाला. मला वाटलं, आता सभा हातची गेली. झालं उलटंच. कुजबूज थांबली. साहेबांनी तिथूनच कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शास्त्रज्ञांनी नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की अळी राहते ती उरलेल्या बोंडांत आणि किडक्या सरकीत. बोंडं आणि पात्या म्हणजे कळ्या, सगळं तोडून नष्ट केलं आणि कोरड्या काड्या रानापासून दूर ठेवल्या तर धोका पुष्कळ कमी होतो. "पुष्कळ कमी," साहेबांनी लोकांना तसंच सांगितलं, "बिलकुल न्हाई असं ते म्हणले न्हाईत."

अक्का खाली बसता बसता म्हणाल्या, "तोडतो मंग बोंडं. आमच्या हाताला सवय हाय."

पुढचा प्रश्न होता यंत्राचा. गावात चाचा होते, बाजाराला भाजी नेणारे आणि स्वतःची थोडी शेती करणारे. त्यांच्या ट्रॅक्टरला पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र जोडता यायचं. ते मागं उभे होते, तिथूनच म्हणाले, "मेरा ट्रॅक्टर खडाच है. ज्याला काड्या नको त्याच्या रानात मी फिरवतो. डिझेल तुमचं, मेहनत माझी. लेकिन बोलतो ते ऐका, सगळे करणार असाल तर. अर्ध्या गावानं करून काय फायदा न्हाई."

सगळे हो म्हणाले. एकच माणूस नाही म्हणाला.

त्यांना गाव आबा म्हणायचं. कालव्याला लागून त्यांचं मोठं रान होतं आणि गावातला सगळ्यात उंच, सगळ्यात हिरवा कापूस त्यांचाच. आबा बाकावर काठी टेकून बसले होते. उठलेही नाहीत. "माझं रान, माझी पऱ्हाटी. मी माघ महिन्यापर्यंत ठेवतो. ज्याला उपटायची त्यानं उपटावी." आणि काठी टेकत निघून गेले. त्यांच्या मागं सभेतली हवाच गेली. आबा ठेवणार असतील तर आपणच का उपटायची, असं दोघा-तिघांनी उघड म्हटलं.

त्या संध्याकाळी गावातली काही तरुण मंडळी आमच्याजवळ आली. त्यांचं म्हणणं, जनावरं आबांच्या रानात सोडून देऊ, एका दिवसात प्रश्न मिटेल. साहेब मोटारसायकलला किक मारणार होते, ते खाली उतरले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला.

"त्यांच्या मर्जीशिवाय त्यांच्या रानात पाय टाकायचा न्हाई. तसं कुणी केलं तर मी या गावात परत येणार न्हाई, अन् ताईंनाही येऊ देणार न्हाई. आबांना राजी करायचं काम आमचं हाय. न्हाई झाले तर ती आमची हार, त्यांचा गुन्हा न्हाई."

मुलं घराकडं वळली. 

दोन दिवसांनी आम्ही आबांच्या रानात गेलो. साहेबांनी पऱ्हाटीचा विषयच काढला नाही. बांधावर एक वाळलेलं मोसंबीचं खोड होतं, त्याकडं बघून विचारलं, "इथं बाग होती का?"

आबांनी काठी त्या खोडाला टेकवली. मग म्हणाले, "होती. तुमच्यासारखाच एकजण आल्ता. कुठल्या हापिसाचा होता ते आता आठवत बी न्हाई. मोसंबी लावा म्हनला, खड्डे त्यानंच आखून दिले. झाडं चांगली आल्ती. मंग ती पिवळी पडायला लागली. मी त्याला हुडकत अंबडला गेल्तो, जालन्याला गेल्तो. तो पुन्हा फिरकला न्हाई. माझ्या हातानं तोडली मी झाडं. तवापासून मी कुनाचं ऐकत न्हाई."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "आबा, तो कोण होता मला माहीत न्हाई. पण आमच्या धंद्यातलाच होता. तो आला न्हाई याबद्दल मी माफी मागतो."

आबा काठी टेकत उठले. मग म्हणाले, "चहा घेता का?"

चहा घेतला, पण पऱ्हाटी उभीच राहिली. मी निघताना आबांना विचारलं, "तुमच्या रानात कामगंध सापळे लावू का? उपटायचं म्हणत नाही. नुसतं किती पतंग येतात ते बघू." कामगंध सापळा म्हणजे नरसाळ्यासारखं प्लॅस्टिकचं भांडं आणि खाली पिशवी. आत मादीच्या वासाची गोळी असते. त्या वासानं नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. आबा म्हणाले, "लावा. तुमचं बी समाधान."

मी सापळे लावले आणि दर थोड्या दिवसांनी जात राहिले. कधी आबा बोलत, कधी नुसतेच बांधावर बसून असत. त्यांच्या सुनेनं मला एकदा गरम बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला घातलं. आबा जवळच बसून तुम्ही धावड्याकडच्या लोकांची भाकर जाड असती का पातळ, असलं काही विचारत होते. मला आत कुठं तरी वाटत होतं की या माणसाकडं मी पऱ्हाटी उपटून घ्यायला जात नाही आहे. आता मला त्यांच्याकडं जायला आवडत होतं.

इकडं गावातली बाकीची रानं हळूहळू मोकळी होत होती. अक्कांच्या बायका रांगेनं बोंडं तोडत, खड्ड्यात टाकत. चाचांचा ट्रॅक्टर धूळ उडवत फिरत होता. पण लोकांचं लक्ष कालव्याकडच्या त्या हिरव्या पट्ट्यावर होतं.

मग एका सकाळी मी गावात शिरले तर पारावर गर्दी. मला वाटलं, मुलांनी शेवटी जनावरं सोडलीच. पुढं गेले तर आबा पाराच्या कट्ट्यावर उभे होते, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात सापळ्याची पिशवी. त्यांनी ती स्वतःच काढून आणली होती. मला पाहून ते थांबले नाहीत. पिशवी उलटी करून कट्ट्यावर झटकली. राखाडी पतंगांचा ढीग पडला. काही अजून फडफडत होते.

"ही माझ्या रानातली," आबा म्हणाले. "एका सापळ्यातली. बाकीचे सापळे बी असेच भरलेत, मी बघून आलो. तुमी समद्यांनी रानं मोकळी केली. आता ही बसनार कुठं? माझ्याच पऱ्हाटीत. अन् पुढच्या साली माझ्या रानातून तुमच्या रानात." थोडं थांबून म्हणाले, "बाई येती, पिशवी बघती, अन् एक अक्षर बोलत न्हाई. बोलली असती तर मी ऐकलं नसतं."

मग चाचांकडं वळले. "ट्रॅक्टर कधी मोकळा?"

चाचा म्हणाले, "तुमच्यासाठी आत्ता. चला, बैठो पीछे."

त्या दिवशी आबांच्या रानात अर्धं गाव होतं. कुणी बोलावलं नव्हतं. जनावरं सोडायची म्हणणारी मुलंच सगळ्यात पुढं होती आणि अक्का त्यांच्यावर ओरडत होत्या, "आधी बोंडं तोडा रे, मंग उपटा!" आबा बांधावर बसून होते. साहेबांना मी फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "आज तुम्ही तिथंच थांबा. जेवूनच या." मी जेवूनच आले.

ही गोष्ट इथंच संपली असती तरी मी त्या गावाची ऋणी राहिले असते. पण मला त्या गावानं जे दिलं, त्यातलं मोठं माप पुढं पावसाळ्यात मिळालं.

जुलैत शिवारातून परत येताना काळ्या मातीच्या चिखलात माझी स्कूटी घसरली. पाय खाली सापडला. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पायात सळई बसली आणि डॉक्टरांनी सांगितलं की बरेच महिने पाय खाली टेकायचा नाही. अंबडच्या घरात खाटेवर पडल्या पडल्या मला पायापेक्षा कापसाची काळजी होती. कापूस फुलावर यायचा होता. बोंडअळीसाठी तोच काळ महत्त्वाचा असतो. सापळे लावायचे, दर आठवड्याला पतंग मोजायचे, डोमकळ्या शोधायच्या. डोमकळी म्हणजे न उमलता गुलाबासारखं मिटून राहिलेलं कापसाचं फूल. आत अळी असते. ते वेळीच तोडलं की पुढचं नुकसान वाचतं. हे सगळं कोण बघणार? माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याकडं आधीच बरीच गावं होती. एवढं करून सगळं वाया जाणार, या विचारानं मला रडू यायचं.

एका दुपारी अक्कांचा फोन आला, व्हिडिओवाला. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग कुणाची तरी ओढणी, मग अक्कांचं कपाळ.

"दिसतंय का? थांबा, फिरवते. हे बघा, ही डोमकळी हाय का साधी कळी?"

मी उठून बसले. "जरा जवळ धरा. हो, डोमकळीच. तोडा. अक्का, तुम्ही कुणाच्या रानात आहात?"

"आबांच्या. आज आबांचं, उद्या चाचांचं, परवा माझं. समद्या बाया मिळून वाटून घेतलीत रानं. तुमी पडून राहा, आमी करून राह्यलो."

माझी सासू शेजारी बसून भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर पुढं केला. मी डोळे पुसले.

मग ते दर आठवड्याला होत राहिलं. सापळ्याची पिशवी फोनपुढं धरायची, मी बघायची, वाढलेत की कमी आहेत ते सांगायची. आबा कधी कधी फोन हिसकावून घेत आणि पिकाचं सोडून पायाचं विचारत. "भाकर खाती का बराबर? हाडाला बाजरी चांगली." एकदा चाचा त्यांच्या टेम्पोतून अंबडच्या बाजाराला आले तेव्हा घरी येऊन गेले. माझ्यासाठी कोथिंबीर, शेवगा, त्यांच्या बीबींच्या हातचं लोणचं. दारातच उभे राहून म्हणाले, "फिकर मत करो बेटा. तुझा कापूस बिलकुल ठीक है." माझा कापूस, असं ते म्हणाले. माझ्या नवऱ्यानं पुढं कित्येक दिवस मला त्यावरून चिडवलं.

साहेबही भेटायला आले. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. मी विचारलं, माझ्या जागी तिथं कुणाला दिलं? ते म्हणाले, "कागदावर दिलाय एकजण. तोही जाऊन आला. परत येऊन मला म्हणाला, साहेब, तिथं माझी गरजच न्हाई." आणि हसले. "ताई, मी इतकी वर्षं नोकरी केली. आपण न जाता काम चालू राहिलेलं गाव फार कमी बघितलं. आता निवांत पडा."

कुबडी घेऊन मी गावात गेले तेव्हा वेचणी सुरू झाली होती. स्कूटीवर बसता येत नव्हतं म्हणून चाचा मला वडीगोद्रीहून टेम्पोत घेऊन आले. आबांच्या रानात बाया कापूस वेचत होत्या. अळी अजिबात नव्हती असं नाही. कालव्याच्या खालच्या बाजूला काही रानांत ती सापडली, आणि ऐन वेचणीत पाऊस येऊन बराच कापूस भिजलाही. पण मी बोंडं फोडत गेले आणि एकामागून एक पांढरीशुभ्र निघत गेली. ज्या शेतकऱ्यानं पहिल्या बैठकीत मला गप्प केलं होतं, तोही तिथंच होता. त्यानं मला बसायला उलटं घमेलं आणून ठेवलं आणि त्यावर आपला टॉवेल घातला.

त्या हिवाळ्यात शेजारच्या गावांतून बोलावणी आली. मी जायची तयारी करायला लागले तर अक्का म्हणाल्या, "तुमी कशाला पाय दुखवता? आमीच जातो." आणि खरंच त्या गेल्या. चाचांच्या टेम्पोत मागं बाया, पुढं आबा. एका गावात मी सोबत होते. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी फरदड न सोडणारा मानूस. म्हणून मला आणलंय. इचारा काय इचारायचं ते." लोकांनी खूप विचारलं. माझ्यावर बोलायची वेळ जवळजवळ आलीच नाही, आणि खुर्चीवर बसून ते ऐकताना मला जे वाटत होतं त्याला मी आजही नुसतं समाधान म्हणू शकत नाही. त्यात पुष्कळसा गहिवर होता.

साहेब निवृत्त झाले तेव्हा कार्यालयात छोटा कार्यक्रम ठेवला होता. सभागृहात मावतील एवढ्याच खुर्च्या मांडल्या होत्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात दोन टेम्पो भरून माणसं आली; आमचं गाव आणि शेजारची दोन. बायका भिंतीला टेकून, खाली, दारात, जिथं जागा मिळेल तिथं बसल्या. आबांनी साहेबांना फेटा बांधला आणि तो नीट बसेना म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधला. साहेबांना बोलायचा आग्रह झाला. ते उठले, सगळ्यांकडं बघत राहिले, हात जोडले आणि बसले. एवढंच त्यांचं निरोपाचं भाषण.

आता माझी बदली परतूर तालुक्यात झाली आहे, वाटूरच्या बाजूला. इथली माणसं वेगळी, पिकं थोडी वेगळी. काही गावं ऐकतात, काही अजून माझ्याकडं पाठ करून बसतात. चांगलं काम म्हणजे काय, असं नवीन आलेली मुलं-मुली कधी विचारतात, तेव्हा मला व्याख्या सांगता येत नाही. मी त्यांना साहेबांबद्दल सांगते. अक्का, आबा, चाचांबद्दल सांगते. नोकरीत मला बऱ्याच गोष्टी मिळाल्या, पण त्या माणसांनी मला विश्वासानं वागवलं, ते माझ्या पदामुळे मिळालेलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून दिलं होतं.

मागच्या महिन्यात आबांच्या सुनेचा फोन आला. आबांनी कालव्याच्या कडेला पुन्हा मोसंबी लावली आहे. थोडीच झाडं, पण लावली आहेत. "ते म्हनतात, बाईला बोलवा," ती म्हणाली. "सल्ला नको. नुसतं बघायला या म्हनतात."

येत्या रविवारी जायचं आहे. साहेबांनाही विचारलं, ते म्हणाले, मीही येतो, मोटारसायकलवर.